चिकित्सालयासाठी संगणकप्रणालीची निवड : रुग्णपत्रक हीच कसोटी

रुग्णपत्रक हे वैद्याच्या स्मृतीचे लिखित रूप होय. दर वर्षी त्याच ऋतूत ज्या रुग्णास तोच व्याधी पुन्हा जडतो, त्यास मागील खेपेस कोणता कल्प, कोणत्या अनुपानातून, किती दिवस दिला आणि त्याचा उपशय कसा मिळाला, हे पाहिल्यावाचून पुढील चिकित्सेची दिशा ठरविता येत नाही. आमच्या पिढीतील बहुतेक वैद्यांची ही स्मृती कागदावर, कपाटातील गठ्ठ्यांमध्ये जपलेली आहे. मात्र कोल्हापुरात कागदाला पंचगंगेचे भय आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी महापुराने शहराला वेढले. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फुटांची. २०१९ व २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. नागाळा पार्क, दसरा चौक, शाहूपुरी, शुक्रवार पेठ या भागांतील तळमजल्यांवर पाणी शिरले, की औषधसाठा पुन्हा विकत घेता येतो. वीस वर्षांची रुग्णपत्रके विकत मिळत नाहीत.

म्हणून चिकित्सालयात संगणक आणावा की नाही, हा वाद आता मागे पडला आहे. कोणती प्रणाली आणावी, हा प्रश्न उरतो. विक्रेते रंगीत पडदे, आलेख आणि सवलती दाखवितात. त्यांच्या यादीतील सुविधा मोजत बसण्यापेक्षा आपले रुग्णपत्रक हीच कसोटी मानावी, असे आमचे मत आहे. आपले पत्रक त्या प्रणालीत जसेच्या तसे आत जाते का, आणि उद्या हवे तेव्हा ते जसेच्या तसे बाहेर येते का, हे दोन प्रश्न प्रथम विचारावेत. बाकी सर्व गोष्टी त्यानंतरच्या.

तीन कामे, तीन प्रकार

प्रथम आपणांस काय हवे ते निश्चित करावे. रुग्णनोंद व चिकित्साक्रम हे एक काम. औषधांचा साठा, बिले व कर हे दुसरे. आणि निदानास साहाय्य हे तिसरे. पुण्याच्या सी-डॅकने पुणे विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित केलेली ‘आयुसॉफ्ट’ ही प्रणाली या तिसऱ्या प्रकारातील. संहितांतील ज्ञान संगणकीय रूपात मांडून प्रकृतिपरीक्षण व निदान यांस आधार देणे हा तिचा उद्देश होता. मराठी मुलखात झालेला हा प्रयत्न आपणां सर्वांना अभिमानास्पद असला, तरी अशा प्रणालीकडून रोजच्या बिलांची अपेक्षा करू नये. तसेच उत्तम बिले करणाऱ्या प्रणालीकडून प्रकृतिविचाराची अपेक्षा करू नये. लहान चिकित्सालयास बहुधा पहिले काम व थोडेफार दुसरे एवढेच लागते. औषधालय चालकांस दुसरे काम मुख्य असते.

दहा पत्रकांची परीक्षा

विक्रेता जे प्रात्यक्षिक दाखवितो ते त्याने निवडलेल्या रुग्णाचे असते. आपण आपली दहा जुनी पत्रके निवडावीत, त्यांवरील नाव व पत्ता झाकावा आणि विक्रेत्यासमक्ष ती स्वहस्ते भरून पाहावीत. त्यांत एक जीर्ण आमवाताचा रुग्ण असावा, एक बालक असावे, एक गर्भिणी असावी, एक पंचकर्माचा रुग्ण असावा आणि एक असा असावा की ज्याच्या कुटुंबातील चौघे आपल्याकडे येतात.

येथेच बहुतेक प्रणालींची परीक्षा होते. चरकोक्त दशविध परीक्षेतील सार, संहनन, सात्म्य, सत्त्व यांना जागा आहे का? नाडी, मल, मूत्र, जिव्हा यांची नोंद दर भेटीस करता येते का, की ‘इतर’ नावाच्या एकाच चौकटीत सारे कोंबावे लागते? औषधाच्या रकान्यात सकाळ-दुपार-संध्याकाळ एवढेच पर्याय असतील, तर प्राग्भक्त, मध्यभक्त, अधोभक्त, सामुद्ग, मुहुर्मुहुः, निशाकाल हे भेद कोठे लिहावयाचे? अनुपानाला स्वतंत्र जागा नसेल, तर मधातून दिलेले चूर्ण व कोष्ण जलातून दिलेले चूर्ण ही दोन्ही संगणकाच्या लेखी एकच ठरतात. तीन-चार द्रव्ये एकत्र करून पुड्या बांधून देणाऱ्या वैद्याचा योग एका ओळीत, प्रत्येकाच्या प्रमाणासह लिहिता आला पाहिजे.

पंचकर्माची अडचण निराळी आहे. योगबस्ती म्हणजे आठ बस्ती. त्यांत पाच अनुवासन व तीन निरूह, तेही ठराविक क्रमाने. स्नेहपानाची मात्रा रोज वाढते. शोधनानंतर संसर्जनक्रम येतो. हे सर्व एकमेकांत गुंफलेले दिवस आहेत. केवळ आठ वेळा ‘भेट’ नोंदविणारी प्रणाली हा क्रम दाखवीत नाही. दिवसानुसार कर्म, द्रव्य, मात्रा व लक्षणे एका पानावर दिसतात का, हे पाहावे.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागातील आहे. प्रतीक्षाकक्षात ‘पाटील’ अशी हाक मारली की निम्मे लोक उठून उभे राहतात. शिवाय एकाच घरातील सर्वांचा भ्रमणध्वनी क्रमांक बहुधा एकच असतो. म्हणून रुग्णाचा शोध नाव, गाव व वय यांच्या जोडीने घेता आला पाहिजे. राधानगरी, गगनबावडा किंवा निपाणीहून पहिल्या एस.टी.ने येणारा रुग्ण साडेदहाची वेळ ठरवून येत नाही. त्यास क्रमांक लावणारी साधी सोय अधिक उपयोगाची.

मराठीची कसोटी

जुन्या मराठी संगणकीय मजकुराचा अनुभव या ठिकाणी ध्यानात घ्यावा. श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांच्या पूर्वीच्या टंकांत लिहिलेला मजकूर, तो विशिष्ट टंक नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. आता यूनिकोड सर्वत्र आहे. तरीही खात्री करून घ्यावी. प्रणालीतील एक मराठी ओळ उचलून दुसऱ्या साध्या लेखनप्रणालीत चिकटवावी. ती तशीच वाचता आली, तर पुढे जावे. त्यानंतर ‘आमवात’ हा शब्द शोधून पाहावा. देवनागरीत लिहिलेला, रोमनमध्ये लिहिलेला व मध्ये संयोगचिन्ह दिलेला असे तिन्ही रुग्ण सापडत नसतील, तर पाच वर्षांनी आपल्या सर्व आमवाताच्या रुग्णांचा आढावा घेणे अशक्य होईल.

यावर उपाय संकेतांकांचा आहे. आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ या संकेतस्थळावर आयुर्वेदीय व्याधिसंज्ञांचे प्रमाणित संकेतांक २०१७ पासून उपलब्ध आहेत. १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ वर्गीकरणातील आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांसाठीचा विभाग प्रकाशित झाला. निदान लिहिताना संज्ञेबरोबर हा संकेतांक आपोआप जोडला जात असेल, तर ती प्रणाली दूरदृष्टीची समजावी. लहान चिकित्सालयांतील अनुभव एकत्र येऊन शास्त्राच्या उपयोगी पडावयाचा असेल, तर त्याची वाट येथूनच जाते.

औषधालयाचा हिशेब

औषधालय चालकांसाठी कसोटीचा दिवस नुकताच होऊन गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. २१ तारखेचे बिल जुन्या दराने आणि २२ तारखेचे नव्या दराने, दोन्ही एकाच पुस्तकात सुखाने नांदली पाहिजेत. जुन्या मालाच्या परतीची नोंद करताना मूळ बिल व त्यावरील दर चटकन सापडला पाहिजे. ज्या प्रणालीत दर बदलताच मागील बिलेही बदलतात, ती तत्क्षणी नाकारावी. नोंदणीकृत वैद्याची चिकित्सासेवा करमुक्त आहे, म्हणून सेवा व औषधे यांच्या ओळी बिलात वेगळ्या ठेवण्याची सोय हवी. पुढील तपशील आपल्या करसल्लागारास विचारून घ्यावा.

चूर्ण, घृत, आसव-अरिष्ट, रसकल्प यांच्या वापराच्या मुदती भिन्न असतात. म्हणून साठ्याची नोंद औषधाच्या नावाने न होता बॅच क्रमांक व मुदतीसह व्हावी, आणि मुदत संपण्याआधी तीन महिने सूचना मिळावी. खरेदी किलोच्या डब्यात व विक्री ग्रॅमच्या पुडीत होत असेल, तर हे रूपांतर करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वीज, इंटरनेट आणि पूर

केवळ इंटरनेटवर चालणाऱ्या प्रणालीचा मोठा लाभ असा की पुराचे पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही. तिची अडचण अशी की जोडणी गेली की चिकित्सालय आंधळे होते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली होती, हे आपणांस स्मरत असेल. याउलट, फक्त टेबलावरील संगणकात राहणारी प्रणाली जोडणीवाचून चालते. पण पाणी, चोरी किंवा बिघाड यांपैकी काहीही झाले तर सारे जाते. म्हणून जोडणी नसतानाही नोंद घेणारी व ती परत येताच प्रत दूर पाठविणारी प्रणाली श्रेष्ठ. ती न मिळाल्यास तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळावा. दुसरे ठिकाण म्हणजे चिकित्सालयाचा माळा नव्हे. पूररेषेच्या पलीकडील आप्तांचे घर. आणि प्रत घेतली यावर समाधान मानू नये. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून दहा रुग्ण तपासावेत.

संगणकाचेही वय पाहावे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुन्याच यंत्रावर नवी प्रणाली बसविण्याआधी हा खर्च मनात धरावा.

परतीची वाट

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेवटी विचारला जातो, किंवा विचारलाच जात नाही. उद्या विक्रेत्याचा व्यवसाय बंद पडला, वर्गणी दुप्पट झाली किंवा आपणांस दुसरी प्रणाली आवडली, तर आपली पत्रके कोणत्या स्वरूपात परत मिळतील? रुग्णांची नावे व दूरध्वनी यांची यादी म्हणजे पत्रके नव्हेत. प्रत्येक भेटीची लक्षणे, औषधे, मात्रा, तपासणीचे अहवाल व छायाचित्रे यांसह सर्व मजकूर, अन्य प्रणालीत उघडता येईल अशा स्वरूपात, शुल्काविना मिळेल, असे करारात लेखी असावे. तोंडी आश्वासन पुरेसे नाही. प्रायोगिक काळातच वीस रुग्ण भरून ते बाहेर काढून पाहावेत. छत्तीसगढमधील गनियारी येथील जनस्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयातील गरजांतून घडलेली ‘बाह्मनी’ ही मुक्तस्रोत प्रणाली या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तिचा मूळ संकेत खुला असल्याने माहिती एका विक्रेत्याच्या मुठीत राहत नाही. मात्र ती बसविण्यास व सांभाळण्यास जाणकार माणूस लागतो, हेही तितकेच खरे.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. माहिती दुसऱ्याच्या यंत्रावर असली तरी तिची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे वैद्यावर राहते, हे त्याचे सार. म्हणून माहिती कोठे साठविली जाते, कोण पाहू शकते, आपल्या मदतनिसास वेगळा परवलीचा शब्द देता येतो का, हे विचारण्यात संकोच नसावा. रुग्णाने जे पती-पत्नीपासूनही राखून ठेवले ते आपणांस सांगितलेले असते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकाशी रुग्णाच्या संमतीने नोंद जोडता येते, आणि आयुर्वेदीय चिकित्सकांनाही त्याच्या व्यावसायिक नोंदपटात नाव घालता येते. प्रणाली या यंत्रणेशी जोडलेली असणे इष्ट. परंतु केवळ तेवढ्यावरून ती आपल्या पत्रकास योग्य ठरत नाही.

खर्चाचा हिशेब

किंमत पाच वर्षांची काढावी. समजा, एका प्रणालीची वार्षिक वर्गणी १२,००० रुपये. पाच वर्षांचे ६०,००० झाले. दुसरीचे एकरकमी मूल्य ३०,००० व दुसऱ्या वर्षापासून देखभाल ५,०००. एकूण ५०,००० झाले. यात जुनी पत्रके भरण्याची मजुरी, मदतनिसाचे शिक्षण, संदेशांचे शुल्क व संगणकाचा खर्च मिळवावा. अनेकदा स्वस्त वाटलेली महाग ठरते ती येथे. जुनी सर्व पत्रके एकदम भरण्याचा हट्ट नको. जो रुग्ण येईल त्याचे पत्रक त्या दिवशी भरावे, व उरलेल्यांची छायाचित्रे सवडीने घ्यावीत. पहिले तीन महिने कागद व संगणक दोन्ही चालू ठेवावेत.

व्यवसायबंधूंना आमची विनंती एवढीच, की येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या कपाटातून ती दहा पत्रके काढून ठेवावीत. विक्रेता दारी आला, की प्रथम त्याच्यापुढे ती ठेवावीत आणि नंतर किंमत विचारावी.