रस्ता बिघडण्याआधी

पाऊस ओसरला की शहरांत डांबराचा वास सुटतो. भर पावसात हॉटमिक्सचं काम टिकत नाही, म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास पेव्हर आणि रोलर रस्त्यावर उतरतात. कुठल्या गल्लीत नुसता खड्डा बुजवायचा, कुठे नवा थर द्यायचा आणि कुठला रस्ता पार उकरून काढायचा, हे त्याआधीच ठरलेलं असतं. रस्ता किती वर्षं टिकणार, याचा फैसलाही बराचसा तिथेच झालेला असतो.

बिघाडाची सुरुवात भेगेपासून होते. खडीला धरून ठेवणारं डांबर ऊन-वाऱ्याने हळूहळू कडक होतं आणि एक दिवस केसाएवढी भेग पडते. रस्ता अजून ठणठणीत असतो. पण त्या भेगेतून पाणी खालच्या खडी-मुरमात उतरलं की पाया भुसभुशीत होतो. वरून बस गेली की थर दबतो आणि मगरीच्या पाठीसारखं भेगांचं जाळं पसरतं. त्या जाळ्यातला एक तुकडा सुटला की झाला खड्डा.

बस आणि स्कूटर रस्त्याला सारख्याच झिजवत नाहीत. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 या काळात खास चाचणीसाठी रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवण्यात आले. त्यातून निघालेलं गणित चक्रावणारं आहे: आसावरचा भार वाढला की नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. 1 टनाच्या आसापेक्षा 10 टनांचा आस रस्त्याला 10 हजार पट झिजवतो. बसमार्गाला आणि सोसायटीच्या बोळाला एकच उपाय लावून चालत नाही, ते यामुळे.

पाया किती खचला आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी बेंकेलमन बीम नावाचा एक साधा, लांब दांडा आपल्याकडेही वापरतात. भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांमधल्या फटीत त्याचं टोक टेकवतात. ट्रक पुढे सरकला की दबलेला रस्ता किंचित वर येतो आणि तेवढी हालचाल दुसऱ्या टोकाच्या डायलवर मिलिमीटरच्या अंशांत दिसते. काटा फार हलला, तर वरून नुसता पातळ थर चढवला तरी दुखणं खालीच राहणार.

उपायांची चढण अशी: भेगेत गरम सीलंट, मग मायक्रोसर्फेसिंगचा पातळ थर, मग डांबराचं नवं कार्पेट आणि शेवटी पायापासून पुनर्बांधणी. प्रत्येक पायरीला खर्च झपाट्याने वाढतो. कार्पेट टाकण्याआधी जुना थर खरवडला नाही, तर रस्ता दरवर्षी उंच होतो, चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात आणि दुकानाच्या उंबऱ्यातून पाणी आत शिरतं. हे दृश्य आपल्या कुठल्याही जुन्या पेठेत बघायला मिळतं.

तक्रारी येतात त्या वाईट रस्त्यांच्या, म्हणून पैसाही आधी तिकडेच जातो. घात इथेच होतो. तिथे निधी संपेपर्यंत आज बरे असलेले रस्तेही महागड्या दुरुस्तीच्या पायरीवर येऊन पोचतात. नुसती भेग भरून भागलं असतं, तिथे पाया खणावा लागतो.

यावर 1970च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी 0 ते 100 गुणांची एक पद्धत बसवली. भेगा, चाकोऱ्या, खड्डे यांची मोजणी करून रस्त्याला गुण द्यायचे आणि त्यावरून उपाय निवडायचा. सॅन फ्रान्सिस्को शहर याच गुणांवर चालतं. 2011 मध्ये तिथल्या मतदारांनी रस्तेदुरुस्तीसाठी 24.8 कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. तेव्हा रस्त्यांचे सरासरी गुण 70च्या आत होते. पुढच्या दशकात ते त्यापलीकडे गेले. आपण उचलावा असा त्यांचा एक नियमही आहे. नवा रस्ता झाला की 5 वर्षं खोदाई बंद, अपवाद फक्त निकडीच्या कामांचा. पाइप किंवा केबल टाकायची असेल, तर डांबर पडण्याआधी.

आपल्याकडे चांगल्या निर्णयाचं नाव काढलं की पुण्याचा जंगली महाराज रस्ता आठवतो. 1970च्या दशकात श्रीकांत शिरोळे महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष असताना हे काम रेकॉन्डो या कंपनीला मिळालं, तेही 10 वर्षांच्या हमीवर. रस्ता त्या हमीच्या कितीतरी पुढे टिकला. हमी कागदावर आली की ठेकेदाराला खडी चाळण्यापासून रोलर फिरवण्यापर्यंत सगळीकडे लक्ष घालावंच लागतं.

मुंबईने वेगळी वाट धरली आहे. सुमारे 2,050 किलोमीटर रस्त्यांचं जाळं टप्प्याटप्प्याने सिमेंट काँक्रीटचं करायचं, असा तिथल्या महापालिकेचा बेत. 2023 च्या जानेवारीत सुमारे 400 किलोमीटरच्या, 6 हजार कोटींवरच्या कामांचं भूमिपूजन झालं. मुंबईच्या पावसात काँक्रीटची बाजू भक्कम आहे, कारण पाण्याने ते डांबरासारखं सुटत नाही. मात्र त्याच्या सांध्यांमधलं सीलंट वेळच्या वेळी बदलावं लागतं, आणि खालची जुनी जलवाहिनी फुटली तर स्लॅबच फोडावी लागते. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्या तपासून, बदलून घेणं हे खरं पहिलं काम. फोडलेली स्लॅब पुन्हा भरली की तिच्या चारही कडांना नवे सांधे तयार होतात, आणि पहिल्याच पावसात पाणी तिथूनच खाली वाट शोधू लागतं.