न मागितलेलं प्रेम

22 मार्च 2023 रोजी इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांनी जाहीर केलं की, ख्रिस्ती समाजाविरुद्धचा कुठलाही कायदा आपलं सरकार पुढे नेणार नाही. मोशे गाफ्नी आणि याकोव आशेर या दोन खासदारांनी धर्मप्रचाराबद्दल तुरुंगवास सुचवणारं विधेयक क्नेसेटमध्ये, म्हणजे संसदेत, मांडलं होतं. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती मंडळींच्या कानावर ते गेलं, तिकडे ओरड झाली आणि इकडे विधेयक गुंडाळलं गेलं. त्या विधेयकाबद्दल मला काडीचं प्रेम नव्हतं. दारात येऊन कुणी चार वाक्यं बोलला म्हणून त्याला कोठडीत टाकणं हा आचरटपणाच. पण ज्यांच्या दारात तो येतो त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही. ग्वाही गेली ती ज्यांच्या देशातून तो येतो त्यांना. हे मला लागलं, अजून लागतं.

मागे वळून पाहायचं तर सुरुवातीची काही शतकं मी भराभर उलटणार आहे. 1263 साली बार्सिलोनात राजासमोर नाहमनीदेस या रब्बाईला ख्रिस्ती पंडितांशी वाद घालायला बोलावलं. तो जोरकस बोलला आणि पुढे त्याला आरागॉन सोडावं लागलं. रोममध्ये सोळाव्या शतकापासून 1847 पर्यंत यहुद्यांना सक्तीनं चर्चची प्रवचनं ऐकवली जात. कानात मेण घालून बसत म्हणे. 1809 मध्ये लंडनला यहुद्यांत ख्रिस्ती धर्म पसरवण्यासाठी खास सोसायटीच निघाली. हे सगळं इतक्यांनी लिहिलंय की मला त्यात भर घालायची इच्छा नाही. फक्त दोन गोष्टी सांगतो, कारण त्या ठाऊक नसतील तर आमचा, यहुद्यांचा, चिडका स्वभाव कळणार नाही. 1858 साली बोलोन्यात एद्गार्दो मोर्तारा या सहा वर्षांच्या मुलाला पोपच्या शिपायांनी घरातून उचललं, कारण मोलकरणीनं त्याचा गुपचूप बाप्तिस्मा केला होता. तो परत आला नाही, पाद्री झाला. आणि दुसरं महायुद्ध संपल्यावरसुद्धा फ्रान्समध्ये फिनाली भावंडांना, ज्यांचे आईबाप ऑशविट्झला गेले होते, बाप्तिस्मा झालाय म्हणून नातेवाइकांकडे द्यायला खळखळ झाली. 1953 साली मुलं सुटली. म्हणजे आमच्या लेखी मिशनरी हा वादात हरवायचा माणूस कधीच नव्हता. तो मुलं नेणारा माणूस होता.

आता कोकण. इथे कथा वेगळी आहे, आणि मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला यहुदी, असल्यामुळे माझा पक्षपात उघड आहे. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडे तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आमचे पूर्वज. हिब्रू जवळजवळ विसरलेले, पण शेमाची प्रार्थना, सुंता आणि शब्बाथ सोडला नव्हता. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, आमचे लोक त्याला मशीदच म्हणत. मग आले अमेरिकन मिशनचे लोक, आणि 1829 मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन. विल्सननं 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. मुंबईतल्या माणसाला हिब्रू शिकायचं तर स्कॉटिश पाद्र्याचं मराठी पुस्तक उघडावं लागे, असा तो काळ. त्याच्या शाळेत आमची पोरं भरली.

त्यानं आडपडदा ठेवला नव्हता. बायबल शिकवायचं, त्यातून येशूकडे न्यायचं, हे तो उघड बोलत असे. आमच्या लोकांनी पहिला भाग ठेवला आणि दुसरा परत केला. बाप्तिस्मा घेतलेले बोटांवर मोजण्याइतके. हिब्रू आली, शाळा आली, इंग्रजी आली, सरकारी नोकऱ्या आल्या. मग हाइम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्यासारख्यांनी ठरवलं की पोरांना आता आपल्याच शाळेत घालू. 1875 मध्ये ती निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. 1880 च्या सुमारास कीर्तनं सुरू झाली, मोशेची आणि योसेफाची, अगदी झांजा-पेटीसकट, हरिदासांच्या चालीवर. हिंदू शेजाऱ्याकडून चाल घेतली, पाद्र्याकडून व्याकरण घेतलं आणि दोघांच्या देवळात गेलो नाही. केहिमकरांनी आपल्या इतिहासात विल्सनचे उपकार मानले आहेत. ते पुस्तक 1897 मध्ये लिहून झालं आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापलं गेलं. उपकार मानायला त्यांना लाज वाटली नाही, कारण देणाऱ्यानं आपला हेतू लपवला नव्हता आणि घेणाऱ्यानं आपलं उत्तरही.

साठचं दशक मी मुंबईत पोरवयात काढलं, त्यामुळे इस्रायलमधल्या बातम्या पत्रांतून कळत. 1962 साली दोन गोष्टी झाल्या. पोलंडमध्ये यहुदी म्हणून जन्मलेला, मीर गावच्या घेट्टोतून कित्येकांना पळायला मदत करणारा ओस्वाल्ड रुफायझन कॅथलिक साधू झाला होता. त्याला यहुद्यांना नागरिकत्व देणाऱ्या परतीच्या कायद्यानुसार यहुदी मानायचं नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. त्याच वर्षी मुख्य रब्बाईंनी फर्मान काढलं की बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या आईच्या घराण्याची चौकशी करा. बाप्तिस्मा नाकारून दीडशे वर्षं टिकलेल्यांची चौकशी! आमच्या लोकांनी धरणी धरली, उपोषणं केली, आणि ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटनं ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थानं यहुदी आहेत. पुढे मी इस्रायलमध्ये राहायला आल्यावर एका रब्बाई कार्यालयातल्या कारकुनानं माझी कागदपत्रं तरीही दोनदा मागितली. हिशेब चुकता करायचाच तर दोन्हीकडचा करावा.

मी जगलो, रमलो आणि वैतागलो ते दशक नव्वदचं. लोदला, विमानतळाजवळच्या कारखान्यात नोकरी. 1989 नंतर जुन्या सोव्हिएत संघातून माणसांचा लोंढा सुरू झाला, दशकाअखेर दहा लाखांच्या घरात गेला. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर युक्रेनची बाई, खाली ताश्कंदचं कुटुंब, मधे आम्ही शेव-भाजणी तळणारे. त्यातल्या कित्येकांची विमानं आणि बोटी ख्रिस्ती देणग्यांवर आल्या होत्या. 1991 पासून इव्हँजेलिकल मंडळी यहुद्यांना घरी पोचवणं हे ईश्वरी काम मानून पैसा ओतत होती. इतक्या लोकांना हलवायचं तर पैसा लागतो, कुणाचा का असेना. मी तेव्हाही हेच म्हणत होतो.

पण विमानामागून पुस्तिका आली. वरच्या मजल्यावरच्या बाईला फुकट बटाटे, कोट आणि हिब्रूचे वर्ग मिळायचे, आणि पेसाखच्या सणाच्या रात्री सेदरच्या विधिभोजनाचं आमंत्रण. तिथे मात्झा, म्हणजे बिनखमिराची रोटी, होती, चार पेले होते, तल्लीत ही प्रार्थनेची शाल पांघरलेला गृहस्थ होता. फक्त अफिकोमानचा, म्हणजे जेवणाअखेर खायच्या मात्झाचा, तुकडा मोडताना तो येशूचं शरीर म्हणून मोडला गेला. सत्तर वर्षं देवाचं नाव न घेतलेल्या देशातून आलेली बाई, तिला काय कळणार? ती मला जिन्यात विचारायची, तुमच्याकडे असंच करतात का? मी हो म्हणू की नाही? अर्धं तसंच होतं. विल्सनच्या अंगावर पाद्र्याचा झगा होता. या नव्या प्रचारकांनी आमचेच कपडे घातले होते. मोइशे रोझेननं 1973 साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘ज्यूज फॉर जीझस’ काढली तेव्हापासून ही तऱ्हा अमेरिकेत रुळली होती. आमच्या जिन्यात ती नव्वदीत आली.

एकदा दारात एक उमदा तरुण आला. माझा रंग पाहून गोंधळला आणि इंग्रजीत विचारलं, आपण भारतीय की यहुदी? मी म्हटलं, तुमच्याकडे दोन्हींसाठी वेगळं काही आहे का? तो हसला. माणूस चांगला होता, त्याला मी चहा दिला आणि पुस्तिका परत दिली.

त्याच सुमारास अमेरिकेतून एका धर्मप्रचारकानं हिब्रू पुस्तिका टपालानं घरोघरी पाठवली, तेव्हा आधीच तापलेले लोक आणखी तापले. 1997 मध्ये मजूर पक्षाचे निस्सिम झ्विली आणि तेच ते मोशे गाफ्नी यांनी विधेयक आणलं: धर्मांतराला उद्युक्त करणारं साहित्य छापलं, आणलं, वाटलं तर वर्षाची कैद. नवा करार घरात ठेवणंही गुन्हा ठरेल की काय, अशी चर्चा झाली. 1998 मध्ये अनेक ख्रिस्ती संस्थांनी इथे धर्मप्रचार न करण्याची लेखी हमी दिली आणि झ्विलींनी हात काढून घेतला. 1977 चा जुना कायदा होताच, पैसा वा वस्तूचं आमिष दाखवून धर्म बदलायला लावणाऱ्याला पाच वर्षं, घेणाऱ्याला तीन. तो कागदावरच राहिला. कोट आमिष की मदत, हे कोर्टात सिद्ध कोण करणार?

अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट संघटनेनं 1996 साली ठरावच केला की यहुद्यांना ख्रिस्ताकडे आणण्यावर जोर द्यायचा. 1999 मध्ये त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तिका काढल्या: रोश हाशाना या यहुदी नववर्षाला यहुद्यांसाठी, दिवाळीत हिंदूंसाठी. ठाण्याच्या मित्रानं कात्रण पाठवलं आणि मराठीत शेरा मारला, आता आपण एकाच यादीत. त्याच्या हसण्यात राग होता. त्याच वर्षी जानेवारीत ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जाळून मारलं होतं, हे मात्र त्यानं पत्रात लिहिलं नव्हतं. मी उत्तरात लिहिलं. इथेही एरियलमध्ये 2008 साली ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या यहुदी कुटुंबाच्या घरी पार्सलबॉम्ब आला आणि त्यांचा शाळकरी मुलगा जबर जखमी झाला. आक्षेप घेणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात.

कॅथलिकांबद्दल बोललंच पाहिजे, कारण ते उशिरा का होईना नीट वागले. 28 ऑक्टोबर 1965 च्या ‘नोस्त्रा एताते’नं येशूच्या मृत्यूचा ठपका सगळ्या यहुद्यांवरून काढला. डिसेंबर 2015 मध्ये व्हॅटिकननं लिहून दिलं की यहुद्यांना धर्मांतरित करण्यासाठी चर्च संस्था म्हणून कुठलंही मिशन चालवत नाही आणि अशा मिशनला पाठिंबा देत नाही. पन्नास वर्षं लागली. पण लिहून दिलं.

इव्हँजेलिकलांच्या लेखी आम्ही लाडके आहोत, भविष्यवाणीतलं पात्र आहोत, आणि शेवटच्या अंकात आम्ही काय करायचं हे त्यांच्या मते ठरलेलं आहे. त्यांच्या व्यासपीठावर आमचे मंत्री हसतमुखानं उभे राहतात. केहिमकरांनी घेतलं तेव्हा काय घेतलं आणि काय नाकारलं हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. आज घेणारे आमच्या वतीनं घेतात आणि नाकारायचं काम आमच्या जिन्यावर सोडतात.

मला कायदा नको, तुरुंग नको, सिनेगॉगच्या भिंतीवरची धमक्यांची भित्तीपत्रकंही नकोत. ज्यांना इस्रायलवर प्रेम करायचंय त्या ख्रिस्ती संघटनांनी व्हॅटिकनसारखं एक वाक्य लिहून द्यावं आणि पाळावं. आणि त्यांच्याकडून पैसे घेणाऱ्या आमच्या सरकारनं, त्या पैशाबरोबर काय कबूल केलं आहे, ते आम्हाला हिब्रूत वाचायला द्यावं.