चांदीच्या कणाजवळचा जिवाणू

लघवीत जंतुसंसर्गाची शंका आली की नमुना कल्चरला जातो. जिवाणू वाढायला एक-दोन दिवस लागतात. तोवर डॉक्टरांना अंदाजानेच अँटिबायोटिक द्यावं लागतं. ही वाट काही तासांवर आणण्याची ताकद रामन परिणामात आहे.

१९२८ साली कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांनी दाखवलेली ही गोष्ट अशी. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर विखुरणारा जवळजवळ सगळा प्रकाश त्याच रंगाचा असतो. कोट्यवधींतला एखादा प्रकाशकण मात्र रेणूच्या कंपनाशी ऊर्जेची देवघेव करून रंग किंचित बदलतो. कंपनं ज्या त्या रेणूची ठरलेली, म्हणून त्या फरकावरून रेणू ओळखता येतो. अडचण एकच: हा प्रकाश फार क्षीण असतो.

त्यावरचा उपाय १९७४ साली साउदॅम्प्टनमध्ये योगायोगानं सापडला. खडबडीत केलेल्या चांदीवर बसलेल्या पिरिडीन या रसायनाचा रामन संकेत अनपेक्षितपणे जोरकस आला. लेसर पडला की चांदीतले मुक्त इलेक्ट्रॉन एका लयीत डोलतात आणि पृष्ठभागालगतचं विद्युतक्षेत्र तीव्र होतं; दोन नॅनोकणांमधल्या फटीत तर सर्वाधिक. तिथे संकेत लाखो पटींनी वाढतो.

आता प्रत्यक्ष कृती. लघवीतल्या युरिक अ‍ॅसिडचा स्वतःचाच संकेत ठळक असतो, म्हणून नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून जिवाणू तळाशी बसवतात आणि पाण्यानं धुतात. मग ते चांदीच्या कणांत मिसळून एका थेंबावर लेसर धरतात. काही सेकंदांत आलेख येतो. त्यात ७३० प्रति सेंटिमीटरच्या (रंगातला फरक मोजायचं एकक) आसपास एक उंच शिखर दिसतं, ते अ‍ॅडेनीनसारख्या प्युरीन रेणूंचं.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथेच. धातूचा प्रभाव जेमतेम काही नॅनोमीटरपर्यंत पोचतो. जिवाणू त्याच्या शेकडो पट मोठा. मग आतले रेणू दिसतात कसे? बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधनानं उत्तर दिलं: ते आत नसतातच. नुसत्या पाण्यात उपासमार झालेला जिवाणू प्युरीन बाहेर सोडतो. कोणते आणि किती, हे त्याच्या विकरांवर ठरतं, म्हणून जातीनुसार आलेख बदलतो. अर्थात धुतल्यानंतर किती वेळ गेला यावरही तो बदलतो. दोन प्रयोगशाळांचे आलेख ताडून पाहायचे तर ही वेळ काटेकोर पाळावीच लागते.

हाच स्राव औषध निवडतानाही कामी येतो. नमुन्यात अँटिबायोटिक घालून काही वेळ ठेवल्यावर शिखर खचलं, तर ते औषध त्या जिवाणूवर चालतंय. तसंच उभं राहिलं, तर दुसरं शोधायचं.