एकाच घरातल्या चार एलेनी
(नावांची जडणघडण : भाग ६)

ईस्टरला ग्रीसमधल्या एखाद्या घरी सगळं गणगोत जमतं आणि अंगणातून कुणी ‘एलेनी!’ अशी हाक मारली, की चार मुली एकदम वळून पाहतात. चौघी चुलत बहिणी. आजीचं नाव एलेनी, आणि तिच्या चारही मुलांनी आपापल्या थोरल्या लेकीला तेच दिलेलं. मग घरातल्या वापरासाठी एक एलेनीच राहते, दुसरी लेना होते, तिसरी लेनियो आणि चौथी नित्सा.

ग्रीक मुलींची आवडती नावं कोणती, या प्रश्नाचं उत्तर या रितीत दडलेलं आहे. मारिया, एलेनी, काटेरिना, वासिलिकी, सोफिया, योर्गिया, अँगेलिकी ही तिथे सर्वांत जास्त आढळणारी नावं. मारिया पहिली, एलेनी तिच्या पाठोपाठ. पिढ्यान् पिढ्या ही नावं टिकली, कारण ती निवडली जात नव्हती, वारशाने येत होती. साधारण रीत अशी, की पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं नाव आणि दुसरीला आईच्या आईचं. आजी हयात असतानाच नात तिचं नाव घेते आणि त्यात आजीला आपला मान झाल्यासारखं वाटतं. नाव डावललं गेलं, तर रुसवेफुगवे ठरलेले.

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल आपल्याकडेही होतीच. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव आणि नातू पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब पेशवे. बायकांच्या नावांचं नशीब मात्र वेगळं होतं. लग्नात सुनेचं पहिलं नावच बदलायची पद्धत असल्यामुळे आजीचं माहेरचं नाव कितीतरी मराठी घरांतल्या नातवंडांना ठाऊकही नसतं. ग्रीक बाईचं पहिलं नाव लग्नाने पुसलं जात नाही आणि १९८३ च्या कायद्याने कागदोपत्री आडनावही माहेरचंच राहतं. एक साधी गृहिणी मागे काही लिहून न ठेवता गेली, तरी तिचं नाव घरात वावरत राहतं. या चालीतली ही सर्वांत मोलाची बाब आहे.

कार्पाथोस बेटावर तर नावाबरोबर मालमत्ताही येई. या बेटाच्या उत्तरेला डोंगरावर ओलिंबोस नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या रितीप्रमाणे थोरली मुलगी आईच्या आईचं नाव घेई आणि आईकडचं घर, शेत, दागिने तिलाच मिळत. तिला ‘कानाकारा’ म्हणतात. वडिलांकडचं सारं थोरल्या मुलाला. सणाच्या दिवशी कानाकारा नाचायला येते, तेव्हा तिच्या छातीवर सोन्याच्या नाण्यांच्या माळा झळकत असतात. आईकडची मालमत्ता मुलीकडून मुलीकडे जात राही आणि एका पिढीआड तेच नाव तिची मालकीण होई. धाकट्या बहिणींना मात्र यात फारसं काही मिळत नसे, ही या रितीची काळी बाजू.

नावावरून माणसाचा मुलूखही कळतो. स्पिरिदूला म्हटलं की कोर्फू, कारण त्या बेटाचा रक्षणकर्ता संत स्पिरिदोन. दियोनिसिया बहुधा झाकिंथोसची, यरासिमूला केफालोनियाची. आणि त्सांबिका असेल, तर ऱ्होड्स किंवा त्याच्या आसपासची बेटं. ऱ्होड्सच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका टेकडीवर त्सांबिका मातेचा मठ आहे. मूल होत नसलेल्या बायका नवस बोलून तिथल्या पायऱ्या अनवाणी चढतात. नवस फळला तर मुलाचं नाव त्सांबिकोस आणि मुलीचं त्सांबिका.

गंमत अशी, की ग्रीसचं सर्वांत लाडकं नाव मुळात ग्रीक नाहीच. मारिया, आन्ना, योआन्ना ही नावं हिब्रूतून आली, कोन्स्तांदिना लॅटिनमधून. एलेनी अस्सल ग्रीक, होमरच्या काळापासूनचं, पण ते घरोघरी पोचलं ते ट्रॉयच्या सुंदरीमुळे नव्हे. सम्राट कॉन्स्टंटाइनची आई संत हेलेना हिच्यामुळे ते टिकलं. दिमित्रा हे नाव धान्याच्या देवीचं. आज ते नाव धारण करणाऱ्या मुली सण साजरा करतात तो २६ ऑक्टोबरला, संत दिमित्रियोसचा.

अठराव्या शतकाच्या शेवटी ग्रीकांना आपल्या प्राचीन वैभवाची नव्याने ओढ लागली आणि बाळांना पुराणकथांतली, इतिहासातली नावं मिळू लागली. स्वातंत्र्ययुद्ध १८२१ मध्ये पेटलं. त्याच्या दोनच वर्षं आधी ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क ग्रेगरी पाचवे यांनी पत्रक काढून या फॅशनवर टीका केली होती. लोकांनी ती मनावर घेतली नाही. पुढे वाटही निघाली. १ सप्टेंबरला चाळीस कुमारी हुतात्म्यांचा दिवस असतो आणि त्यांच्या यादीत अथिना, आफ्रोदिती, आंदिगोनी, आस्पासिया, क्लेओपात्रा, पिनेलोपी, साफो अशी नावं सापडतात. म्हणजे देवीचं नाव असूनही मुलीला चर्चच्या पंचांगात हक्काचा दिवस आहे. ज्यांच्या नावाचा संतच नाही, त्यांच्यासाठी सर्व संतांचा रविवार असतो.

आपल्या नावाच्या संताचा हा दिवस, म्हणजे नामदिन, ग्रीसमध्ये फार मनापासून पाळतात. जुन्या पिढीत तर वाढदिवसापेक्षा त्याचंच महत्त्व अधिक. एलेनीचा २१ मे, सोफियाचा १७ सप्टेंबर, काटेरिनाचा २५ नोव्हेंबर. पूर्वी त्या दिवशी आमंत्रणाची गरज नसे. दार उघडं असे; येईल त्याला चमचाभर मुरंबा आणि कॉफी. १५ ऑगस्टला तर साऱ्या मारियांचा सण. त्या दिवशी तिनोस बेटावर बंदरापासून मारिया मातेच्या देवळापर्यंत भाविक गुडघ्यांवर रांगत जातात.

काटेरिनाच्या तारखेचा गोव्याशीही संबंध आहे. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकला तो २५ नोव्हेंबरला, संत कॅथरीनच्या दिवशी. म्हणूनच जुन्या गोव्यातलं सी कॅथेड्रल त्याच अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनला वाहिलेलं आहे.

सगळीच नावं मायेने ठेवलेली नसत. मुलीमागून मुलीच झाल्या, की एखादीला स्तामाता म्हणत, म्हणजे ‘थांब’. पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून एखादी आगोरित्सा होई. ‘आगोरी’ म्हणजे मुलगा. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकुशा’ नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली गेली, हे आठवणाऱ्या वाचकाला ही व्यथा समजावून सांगायला नको. बाळं दगावत असलेल्या घरात मात्र मुलीला झोई, म्हणजे ‘जीवन’, असं नाव देत. त्यामागे आईबापांची विनवणी असे.

लांबलचक नावं घरात आखूड होतात. पानायोताची योता, पारास्केवीची वूला किंवा व्हिव्ही, वासिलिकीची वासो. गायिका नाना मुस्कुरी मूळची योआन्ना. हारिस अलेक्सियू मूळची हारिक्लिया. अभिनेत्री आणि पुढे संस्कृतिमंत्री झालेली मेलिना मर्कुरी हिचं खरं नाव मारिया अमालिया.

आता तरुण आईवडिलांना दनाई, नेफेली, इरिस, आरियाद्नी अशी नावं खुणावतात. सासूचं मनही मोडायचं नसतं. मग बाप्तिस्म्याला नाव जाहीर होतं ते जोडनाव : एलेनी-दनाई. शाळेत आणि मैत्रिणींत ती दनाई, आजीसाठी एलेनी. वारसा आणि आवड, दोन्ही सांभाळणारी ही तडजोड रास्त आहे. पुढच्या भागात ग्रीक आडनावं पाहू. बाप पापादोपुलोस आणि लेक पापादोपुलू असं का होतं, ते तिथे उलगडेल.