वस्ताद आणि पंच

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेल्याला पीएच.डी.चा गाईड म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. तालमीतला वस्तादच तो. मेहनत त्याच्या शब्दावर, मैदानही त्याच्याच शब्दावर. आणि एक डाव तो राखून ठेवतो, हेही पेठेला ठाऊक.

१८ नोव्हेंबर १९६२ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार, स्वतः इतिहास संशोधक. पीएच.डी. कोल्हापुरातच करता येऊ लागली. विषयाला मान्यता देणारी समिती होती, शेवटी प्रबंध तपासायला रेफरी होते. मधली वर्षं मात्र गाईड आणि विद्यार्थी या दोघांचीच. सरांनी चॅप्टर वाचला की नाही, हे तिसरं कुणी विचारत नसे. सर चांगले भेटले तर सोनं झालं. ज्यांना नाही भेटले त्यांची टिपणं ट्रंकेत राहिली. निवृत्ती चौकाच्या आसपास अशा दोन ट्रंका तरी मला माहीत आहेत.

२००९मध्ये यूजीसीनं प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क सक्तीचं केलं. खरा बदल २०१६च्या नियमांत आला: प्रत्येक विद्यार्थ्यामागे संशोधन सल्लागार समिती, म्हणजे आरएसी. विषय पक्का करणं, अभ्यासाची पद्धत ठरवायला मदत करणं, दर सहा महिन्यांनी प्रगती ऐकणं हे तिचं काम. प्रगती असमाधानकारक असेल तर कारणं लिहायची, उपाय सुचवायचे. तरीही सुधारणा नाही झाली तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस. २०२२च्या नियमांनी एम.फिल. गेली, शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती गेली, समिती राहिली.

गंमत अशी, की समितीचा निमंत्रक गाईडच. म्हणजे पंच आले, पण बोलावणार वस्ताद. सरांबद्दलचं गाऱ्हाणं सरांसमोर कोण मांडणार? मग काही ठिकाणी स्लाइड्स दाखवायच्या, 'छान चाललंय' ऐकायचं, सह्या आणि चहा.

तरी मी समितीच्या बाजूचा. गेल्या वर्षी गल्लीतली एक मुलगी बैठकीहून रडवेली परतली. एका सदस्यानं एवढंच विचारलं होतं, "हा आकडा मूळ कागदात पाहिलास का?" तिनं तो दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलला होता. पुढचे दोन महिने ती पुरालेखागारात मोडी वाचत बसली. आकडा चुकीचा निघाला. चॅप्टर पुन्हा लिहिला, आणि या वेळी सरांनीही तो पेन घेऊन वाचला.