लेट्यूस उपटण्याचा दिवस

मी पोचलो तेव्हा व्हिलाँद्रीच्या बागेतले लेट्यूस उपटायचं काम चाललं होतं. जूनचा तिसरा आठवडा, सकाळचे दहा. फ्रान्समधल्या तूर शहरातून शेर नदीच्या काठाकाठाने पंधराएक किलोमीटर सायकल मारून आलो होतो. तिथल्या वाड्याच्या जुन्या बुरुजावर चढून खाली पाहिलं, तर ज्या नक्षीदार भाजीबागेसाठी जीव टाकला होता तिच्या नऊ चौकांतले तीन चौक म्हणजे नुसती उघडी माती! शेजारी उभे असलेले एक फ्रेंच गृहस्थ बायकोला म्हणाले, चुकीच्या वेळी आलो. मीही मनात तेच म्हणत होतो.

फ्रान्समधला शातो बघायला कधी जावं, असं कुणालाही विचारा. मे किंवा सप्टेंबर हे उत्तर ठरलेलं. गर्दी कमी, हवा बरी. शांबोर किंवा शनोन्सोसारख्या शातोंपुरतं ते ठीक आहे, कारण तिथे मुख्य पाहायचा तो दगड, आणि दगड काही ऋतूप्रमाणे बदलत नाही. व्हिलाँद्रीला लोक येतात ते कोबी बघायला. त्यामुळे इथला मुहूर्त माळ्याच्या हातात.

खाली उतरलो. एक तरुण माळी फुलोऱ्याला आलेला लेट्यूस मुळासकट काढून ढकलगाडीत टाकत होता. पानांत चीक दाटला की हा पाला कडू होतो, नक्षीही बिघडते. त्याच्यामागे दुसरा माती मोकळी करून दाताळ्याने सारखी करत होता. मग वाफ्यावर आडवी फळी पडली. तिच्यावर गुडघे टेकून काम करायचं, म्हणजे मऊ मातीत पाय रुतून ती दाबली जात नाही. दोन खुंट्या, त्यांच्यात ताणलेली दोरी, हातात खुणा केलेली काठी. क्रेटमधून रोप उचलायचं, खळग्यात बसवायचं, दोन्ही अंगठ्यांनी माती दाबायची. नारायणगावकडे टोमॅटोची लागण करणाऱ्या बायकांचे हात असेच चालतात, फक्त त्यांचा वेग दुप्पट असतो. इथे वेगाला किंमत नव्हती. एक ओळ दोन बोटं सरकली होती; मला तर माळी सांगेपर्यंत दिसलीही नव्हती. त्याने दहा-बारा रोपं उपसली आणि पुन्हा लावली.

कारण ही बाग वरून बघायची आहे. नऊ चौक एका मापाचे, पण प्रत्येकाची आतली आखणी वेगळी, कडेने बॉक्सवुडची गुडघ्याएवढी कुंपणं. लीकची निळसर पात, बीटचा आणि लाल कोबीचा जांभळा, गाजराच्या पाल्याचा पोपटी, असे रंग भरायचे. जमिनीवरून तो सगळा भाजीपालाच वाटतो, गालिचा दिसतो तो बुरुजावरून. आणि तोही सकाळी किंवा उन्हं कलल्यावर. भर दुपारी सावल्या आखडतात, मग सगळं सपाट.

लागवड वर्षातून दोनदा होते. पहिली मार्चमध्ये, ती जूनपर्यंत टिकते. दुसरी जूनमध्ये, ती नोव्हेंबरपर्यंत. सुमारे चाळीस प्रकारच्या भाज्या, आठ कुळांतल्या. एकाच जागी एकच कूळ पुन्हापुन्हा घेतलं तर माती थकते आणि रोग मुक्काम ठोकतात, म्हणून पिकांची फेरपालट आलीच. गेल्या वर्षीचा फोटो घेऊन गेलात तर तोच चौक तसा सापडेल याची खात्री धरू नका. 2009पासून बाग सेंद्रिय पद्धतीने चालते, म्हणजे तण आले की खुरपणी.

शातो म्हणजे किल्ला असं आपण भाषांतर करतो, पण इथे लढण्यासारखं काही नाही. हा तर तालेवार अधिकाऱ्याचा वाडा. पहिल्या फ्रान्स्वा राजाचा अर्थमंत्री झाँ ल ब्रेतों याने जुनी गढी पाडून 1536च्या सुमारास तो पुरा केला. बुरूज तेवढा ठेवला. याच गढीत 4 जुलै 1189 रोजी इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने फ्रान्सच्या राजापुढे हार मान्य केली. दोन दिवसांनी तो शिनों इथे वारला. ज्या बुरुजावरून आपण कोबी न्याहाळतो त्याचं वय हे असं.

बाग मात्र तेवढी जुनी नाही, आणि हे तिकीट काढणाऱ्या बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एकोणिसाव्या शतकात इथे इंग्रजी धाटणीचं झाडझाडोऱ्याचं उद्यान होतं. 1906मध्ये होआकिम कार्व्हालो या स्पॅनिश डॉक्टरने आणि त्याची अमेरिकन बायको अॅन कोलमन हिने वाडा घेतला. दोघंही पॅरिसमध्ये शरीरशास्त्राचं संशोधन करणारी. ते सोडून त्यांनी उद्यान मोडलं आणि जुन्या आराखड्यांचा अभ्यास करून सोळाव्या शतकाला शोभेल अशी बाग नव्याने मांडली. मला यात खोटेपणा दिसत नाही. भाजीची बाग जुनी राहू शकतच नाही. ती दर मार्चमध्ये नवी करावीच लागते.

आता वेळेचं. जुलै-ऑगस्टच्या काही रात्री बागेत दोन हजार मेणबत्त्या लावतात. जुलैत सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमाराला, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर विचार करा. एप्रिलमध्ये फुलं भरपूर, भाज्या अजून बाळसं धरताना. हिवाळ्यात वाड्याची दालनं मधे काही काळ बंद असतात, बागा उघड्या असतात. तेव्हा तियेलची छाटणी चालते. इंग्रजीत या झाडाला लाइम म्हणतात, लिंबाशी त्याचा काही संबंध नाही; फुलांचा काढा फ्रेंच लोक झोपण्यापूर्वी पितात. अशी हजारावर झाडं, चार माळी, आणि जवळजवळ तीन महिने. जूनमध्ये मी गेलो तेव्हा ती फुलली होती आणि सगळ्या वाटांवर त्यांचा मधासारखा वास होता. तो कुठल्याच फोटोत आला नसता.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी माळी स्वतः वाफ्यांपाशी उभे राहून लोकांशी बोलतात. मी पुन्हा गेलो. भोपळे नारिंगी होऊन पसरले होते, गर्दी जूनच्या तिप्पट. जूनमधला तरुण एका आजीबाईंना लीक कसा सोलायचा ते सांगत होता. मी बुरुजावर चढून ती ओळ शोधली, दोन बोटं सरकलेली. पानांनी पानं गाठली होती. कुठली ओळ ती, काही कळेना.