रजेचे देणे

आपल्या पेढ्यांवर रजेचा विचार बहुधा दोनच वेळा होतो : कामगार रजा मागतो तेव्हा आणि तो काम सोडून जातो तेव्हा. पहिल्या वेळी कुरबुर होते, दुसऱ्या वेळी हिशेबावरून कटुता येते. दोहोंचे मूळ एकच. पगारी रजा ही मालकाने उदार होऊन दिलेली सवलत आहे, असा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वास्तविक ती केलेल्या कामातून उत्पन्न झालेले देणे आहे; उधारीवर आणलेल्या मालाइतकेच खरे. फक्त आपण ते खतावणीत मांडत नाही.

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठीच्या १९४८ च्या कायद्याची जागा १९ डिसेंबर २०१७ पासून नव्या कायद्याने घेतली. आरंभी तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. २०२५ मध्ये ही संख्या वीसवर नेण्यात आली. त्याखालील दुकानांवर या तरतुदींची सक्ती नाही. तरी हिशेबाची रीत म्हणून त्या समजून घेण्यासारख्या आहेत. धंदा वाढत असला की सोळा माणसांची एकवीस केव्हा झाली, हे गादीवर बसलेल्यालाही कळत नाही.

प्रत्येक कामगाराला वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा मिळते. ती तिमाहीगणिक जमा होते आणि न घेतल्यास वर्षाअखेर संपते. अर्जित रजेचे तसे नाही. ज्याने वर्षात किमान २४० दिवस काम केले, त्याला पुढील वर्षी कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. २८० दिवस भरले असतील तर १४ दिवस. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही मालकाने ती नाकारली, तर ४५ च्या वरच्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला मिळतो. शिल्लक अर्जित रजा असताना त्याला कामावरून कमी केले, किंवा मागितलेली रजा नाकारल्यानंतर तो स्वतः काम सोडून गेला, तरी तिचा मोबदला द्यावाच लागतो.

आता आकडा मांडून पाहू. दरमहा २६,००० रुपये वेतन आणि २६ दिवसांचा महिना धरला, तर एका दिवसाचे १,००० रुपये होतात. ४५ दिवस साठलेल्या एका माणसामागे ४५,००० रुपये आणि अशी वीस माणसे असतील तर नऊ लाख. हे देणे रजा-नोंदवहीअभावी कुठेच दिसत नाही आणि नफा मात्र तेवढ्याने फुगलेला भासतो. शिवाय या रकमेची केवळ तरतूद करून प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. ती प्रत्यक्ष अदा करावी लागते. म्हणून दरवर्षी माणसाला रजेवर धाडणे हाच स्वस्त मार्ग, असे माझे स्पष्ट मत आहे.

सणांच्या सुट्ट्यांविषयी मात्र आपल्या बांधवांत गैरसमज फार. कायद्याने वर्षाला आठ पगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक व कामगार यांनी वर्षारंभापूर्वी परस्परसंमतीने ठरवायच्या. संवत्सरीला किंवा महावीर जन्मकल्याणकाला आपण दुकान बंद ठेवतो, ते योग्यच आहे. परंतु तो दिवस त्या चारांत धरायचा असेल, तर कामगारांना आधी विचारले पाहिजे. त्यांना गौरी-गणपती हवे असतील, ईद हवी असेल, १४ एप्रिल हवा असेल. आपण आपल्या सणासाठी दुकान बंद ठेवून तो दिवस त्याच्या अर्जित रजेतून कापणे हे न्यायाचे नव्हे. ठरलेल्या सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलेच, तर दुप्पट वेतन आणि बदली सुट्टी, दोन्ही द्यावी लागतात.

इथवर कामगाराच्या हक्काचे झाले. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला रजेची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१ च्या परिपत्रकानुसार बँकांतील संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्याला दरवर्षी सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे लागते, तेही पूर्वसूचना न देता. त्या काळात त्याला कामाच्या प्रणालीला हात लावता येत नाही. बँकेची ई-मेल तेवढी पाहता येते. या दक्षतेचे कारण समजण्यासाठी एक उदाहरण पुरे. फ्रान्समधील सोसिएते जनराल या बँकेला जानेवारी २००८ मध्ये सुमारे ४.९ अब्ज युरोंचा फटका बसला. ज्याच्या लपवलेल्या सौद्यांमुळे तो बसला, त्या कर्मचाऱ्याने २००७ मध्ये अवघे चार दिवस रजा घेतली होती. खुर्चीवर दुसरा बसला असता, तर वह्या बोलल्या असत्या.

प्रत्येक वेळी अफरातफरच असते असे नाही. आमच्या शाखेचे एक कापड-व्यापारी खातेदार होते. त्यांचे मुनीमजी निष्कलंक मनुष्य. वीस-बावीस वर्षांत चार दिवस सलग घरी राहिले नसतील, आणि शेटजी ते अभिमानाने सांगत. ऐन दिवाळीच्या तोंडावर मुनीमजी रुग्णालयात दाखल झाले. कोणाकडे किती येणे, कोणाला किती सूट कबूल केलेली, कोणता माल परत यायचा, हे सारे त्यांच्या डोक्यात होते. बँकेला द्यावयाचे मालसाठ्याचे मासिक पत्रक दोन महिने आले नाही, त्यामुळे कॅश क्रेडिटमधील उचल रोखावी लागली. हंगामात पेढीला रोकड मिळेना. मुनीमजींनी त्याआधी कधी वर्षातून दहा दिवस रजा घेतली असती, तर ती माहिती निदान कागदावर तरी उतरली असती.

व्यवस्थापकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना हा कायदा लागू नाही, हे खरे. अनेक मालक त्याचाच आधार घेऊन मुनीमजींच्या रजेचे नावही काढत नाहीत. मला तर वाटते, सर्वप्रथम त्यांनाच रजेवर पाठवावे आणि त्या दहा दिवसांत घरातील तरुण मुलाला रोजकीर्दीवर बसवावे. वाणिज्य शाखेच्या पदवीत जे शिकायला मिळत नाही, ते तेवढ्यात कळते.

दिवाळीनंतर मंदीचे आठवडे येतात. पुढील वर्षाच्या चार सुट्ट्या ठरवण्यास आणि प्रत्येक माणसाचे रजाखाते मांडण्यास तो काळ सोयीचा. एका साध्या वहीत नावापुढे कामाचे दिवस, जमा रजा, घेतलेली रजा आणि शिल्लक असे चार रकाने पुरतात. अर्ज मात्र लेखी घ्यावा, त्यावर तारीख घालून पोच द्यावी. पंधरा दिवसांची मोजणी त्या तारखेपासूनच होते.